कर्ता नसलेलं वाक्य

कराताशच्या उतारावर, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरती
मंगळवार-गुरुवार, सात ते नऊ,
सहा जण इंग्रजीतून घाबरायला शिकतात.

नीट घाबरायला.
तक्त्यात बसेल असं :
आडवी ओळ शक्यतेची, उभी नुकसानीची,
मध्ये हिरवे, पिवळे, लाल चौकोन.

फेराये बँकेतून थेट येते.
तिळाचं कडं खाता खाता उजळणी करते,
वहीत तीळ सांडतात, स्वल्पविरामांसारखे, नको तिथे.

रिस्क अपेटाइट, म्यूझ्गानबाई फळ्यावर लिहितात.
संकटाची भूक? हुस्नू विचारतो.
बारा वर्षं इझमीरच्या बंदरात क्रेनखाली काढलीत त्याने.
आम्हाला तर कुणी कधी विचारलं नाही
किती वाढू म्हणून.
सगळे हसतात. बाई हसत नाहीत,
मग हसतात.

तुर्की क्रियापदाला एक शेपूट असतं,
स्वतः न पाहिलेल्या गोष्टीला लावायचं :
भिंत पडली म्हणे. तो गेला म्हणे.
अहवालात हे चालणार नाही, बाई सांगतात,
‘म्हणे’ला तारीख द्या, पान नंबर द्या.
फेरायेला वाटतं, आजीचं सगळं आयुष्य
या नियमाने बाद होईल.

आणि मग ती रात्र, पॅसिव्ह व्हॉइसची.
चूक झाली, असं लिहा. कुणी केली ते नको.
निर्णय घेण्यात आला.
त्रुटी आढळून आली.
केवढी स्वच्छ भाषा!
जणू खोली रिकामी होती
आणि गोष्टी आपापल्या घडत गेल्या.

शुक्रवारी रॉटरडॅमहून मुलाखत.
गुरुवारी तिची रंगीत तालीम.
बाई टेबलापलीकडे अनोळखी होऊन बसतात :
तुम्ही स्वतः ओळखलेली एखादी जोखीम सांगा.

फेराये सांगते, न अडखळता.
एका पाच मजली निवासी इमारतीत
तळमजल्यावरचा भार पेलणारा एक खांब
हटवण्यात आलेला आहे.
शक्यता मध्यम. नुकसान अतितीव्र.
उत्तम, बाई म्हणतात, एक उच्चारही चुकला नाही.
आणि हे तुम्ही कुणाला कळवलंत?

खाली दुरुस्त झालेलं एक मशीन
कापडाशिवाय चालवून पाहत होतं कुणीतरी.
खडखड. थांब. खडखड.

एकोणीस वर्षांची होती ती,
तीन दिवस घरात चहाचे पेले किणकिणत होते.
चौथ्या दिवशी दुकानात चीजचं लांबलचक कपाट आलं,
आतून दिवे असलेलं.
खांबाच्या जागी वेगळ्या रंगाच्या चार फरश्या.
गल्लीभर पेढे वाटावेत तशी
जेव्देतकाकांनी बक्लावा वाटली होती.
तिनेही खाल्ली. दोन तुकडे.

साडेनऊला दुकान अर्धं बंद झालेलं.
ये गं, काका म्हणाले, रॉटरडॅमला असले ऑलिव्ह मिळायचे नाहीत,
आणि न विचारताच पिशवी भरू लागले.
ती त्या चार फरश्यांवर उभी होती.
वर तिची आई. तिच्यावर दोन जुळी पोरं.
त्यांच्यावर एक बाई, जी रात्री रेडिओ लावून झोपते.

तिने आधी इंग्रजीत जुळवलं. वाक्य तयार होतं,
इस्त्री केल्यासारखं, बिनकर्त्याचं.
ते तसंच गिळलं.

काका, म्हणाली,
इथला खांब तुम्ही कापलात.
मी पाहिलं होतं. मी गप्प बसले.

एवढंच. व्याकरण अगदी पहिलीतलं.
आवाज तिलाच परका वाटला.

काकांनी पिशवी तराजूत ठेवली होती.
काटा थरथरत राहिला,
ते वजन वाचत नव्हते,
आणि ती उद्याच्या मुलाखतीचा विचार
करत नव्हती.
कपाटातले दिवे चालू होते.
वर कुणीतरी खुर्ची सरकवली.