रीडिंग

सावद्यात मी एकोणीस वर्षं मीटर वाचले.
भर दुपारी दार वाजवणारा माणूस
कोणालाच आवडत नाही,
तरी पाण्याचा तांब्या आधी बाहेर यायचा
आणि कपाळावरची आठी नंतर.

त्या दारांतून जे कळलं
त्याला वहीत रकाना नव्हता:
कोणाच्या ओट्याखाली मांजर व्यालीय,
कोणी पिल्लं गोणीत घालून नाल्यापलीकडे सोडली,
कोणाच्या कोठीत उंदरांनी दादर फस्त केली,
कोणाचा मुलगा पुण्याला गेला
आणि घराचं बिल नऊ युनिटवर आलं.

वहीच्या मागच्या पानावर
मी स्थळं जुळवू लागलो.
कोठीवाले वारके: दोन द्या, भांडखोर चालतील.
हुसेन तडवीची वखार: कोणतीही,
"फक्त बकरीले भिऊ नको म्हना तिले."
नऊ युनिटवाल्या फिरकेबाई: एक, काळी, शांत.

केळीचं खोकं, बाजूला चार भोकं,
तळाला जुना टॉवेल.
सायकलच्या कॅरिअरवर ते ओरडत जायचं
आणि पानटपरीवरून कोणीतरी विचारायचं,
"का भो, मीटर बोलाले लागलं का?"

फिरकेबाई दारातच आडव्या.
"मले कायले? मी आज हाय, उद्या नाई."
म्हटलं, हिचंही तसंच आहे, माय.
खोकं ओट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, निघालो.
पुढच्या महिन्यात रीडिंग चौदा.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या,
"रातभर लाइट ठेवते. अंधारात भेते ते."

सगळ्यांचं मात्र घर होत नाही.
डीपीमागची करडी.
दीड वर्ष मी भाकरीचा काला टाकला,
दीड वर्ष ती मी वळल्यावरच जेवली.
तिला धरायला पिंजरा लागला, सुकट लागली,
दोन रात्री, आणि मनगटावरचा हा व्रण.
फैजपूरच्या डॉक्टर झोपेंनी तिला झोपवलं.
(आडनाव तेच आहे. ते स्वतः हसून थकलेत.)
ऑपरेशन झालं, टाके पडले,
डाव्या कानाचं टोक चिमूटभर उडवलं:
खूण, की हिचं झालंय, हिला पुन्हा धरू नका.
वर्षाला दोन वेत, वेताला चार,
त्यातलं एखादं उरायचं.
बाकीची चाकाखाली, कुत्र्याच्या तोंडी,
नाहीतर मेच्या पत्र्यावर.
तो हिशेब त्या टोकासोबत मिटला.

इथला मे म्हणजे सेहेचाळीस.
मांजरी केळीच्या बागांत शिरतात,
ठिबकच्या नळीशी पोट टेकून पडतात.
गावातल्यांना बाग कुठली?
मी फुटक्या माठांची बुडं गोळा केली,
एकेका डीपीच्या सावलीत ठेवली,
सकाळी भरली. दुपारी बघावं
तर पुन्हा भरलेली.
कोण ओतत होतं, मी शोधलं नाही.
एका बुडात एकदा ताक होतं.

आता नवे मीटर आलेत.
आकडा आपणहून हापिसात जातो,
दार वाजवायला कोणी लागत नाही.
गल्लीत कोण एकटं आहे,
कोणाच्या माळ्यावर पिल्लं रडताहेत,
हे त्यांना विचारून काय उपयोग.

मी अजून फिरतो. वही तीच आहे,
पुढची पानं संपली, मागची भरताहेत.
"आता काय वाचाले आला रे?"
फिरकेबाई दार उघडतात,
मागून काळी शेपटी, उभी, जाडजूड,
ओळख असून अनोळखी.

तिथून डीपीकडे.
करडी आहे. कानाचं टोक नाही, बाकी सगळी तीच.
काला टाकून मी वळत नाही हल्ली,
उकिडवा बसतो, दुसरीकडे बघत.
ती आधी पंधरा हातांवर थांबायची.
काल चार.
वहीत लिहिलं. तारीख घातली.