सातवरची आडवी रेघ

गावाचं नाव सेत्तिमो, म्हणजे सातवा.
तोरिनोपासून मोजत आलेला मैलाचा दगड
इथं गाव होऊन बसला.
एकेकाळी गल्लोगल्ली कातारी होते, पेनांचे.
आता इर्मा, तिचा लेथ,
आणि केर काढायला मी.

केर म्हणजे सेल्युलॉइडचा कीस,
हिरवा, मोत्याच्या झाकेचा,
वास कापराचा.
रोज संध्याकाळी तो पाण्याच्या बादलीत बुडवायचा.
"एक ठिणगी पुरे," इर्मा म्हणते,
"मग ना केर उरेल, ना तू, ना मी."

सेकोंदो आला तेव्हा धुकं उंबऱ्यापर्यंत होतं.
सेकोंदो म्हणजे दुसरा.
पहिल्याबद्दल कुणी विचारत नाही.
चाळीस वर्षं त्यानं घरोघरचे गॅसचे मीटर वाचले,
जिने चढून, कुत्री चुकवून आकडे वहीत उतरवले.
आता उजवा हात थरथरतो.
बाजारातलं कुठलंही पेन
बोटांतून मासोळीसारखं निसटतं.
इर्मानं त्याच्या हातात मेणाचा गोळा दिला.
"धर. लिहितोयस असं समज."
मेणात तीन बोटांचे खळगे उमटले,
एक जरा जास्त खोल.

दांडा तिनं माळ्यावरून काढला.
बापानं सुकत ठेवलेला,
टोकाला पेन्सिलीनं साल घातलेलं, अठ्ठ्याहत्तर.
सेल्युलॉइडला घाई खपत नाही.
ओलं असताना कातलं तर वर्षभरानं आक्रसतं,
टोपण बसत नाही,
आणि बोल लागतो कातणाऱ्याला.

भोक पाडताना हळू.
थांबून, ड्रिल मागे घेऊन, फुंकर मारून, पुन्हा हळू.
मग तिनं हत्यार टेकवलं
आणि दांड्यावरून फीत सुटली,
इतकी लांब
की मी केरसुणी धरून नुसती बघत राहिले.
आटे पाडताना मात्र इर्मा श्वास रोखते.
रेडिओ बंद. मी पण बंद.

पण लेथला गोलच कळतं.
माणसाची पकड कुठं गोल असते?
शेवटी पेन चकातून काढून,
मेणाचा गोळा पुढ्यात ठेवून
ती कानस घेऊन बसली.
तीन उतार.
एक जरा जास्त खोल.

पॉलिश पहिल्यांदाच माझ्याकडे आलं.
चारशेचा कागद, आठशेचा, दोन हजारचा,
पाण्यात भिजवून भिजवून.
मग सुती चाकावर लेप, अलगद,
पेन तापू न देता.
चमक आली, आणि आल्या आल्या तिनं चुगली केली:
टोपणाच्या कडेला एक ओरखडा,
आठशेपासून दबा धरून बसलेला.
"घासून मरेल," मी म्हणाले.
"नाही मरणार. परत चारशे."
परत चारशे.
दुसरा दिवस. परत चारशे.
तिसऱ्यांदा कधीतरी मला कळलं
की गुळगुळीत असं काही नसतंच.
ओरखडेच असतात सगळे,
फक्त नजरेच्या चाळणीतून गळणारे.

सेकोंदो परत आला तेव्हा हवा स्वच्छ होती,
गिरणीच्या धुरांड्यामागे आल्प्स दिसत होते.
नवं पेन हातात आलं की लोक आपलं नाव लिहितात.
त्यानं आकडे लिहिले.
एक, दोन, तीन,
मीटरच्या चकत्या फिरतात त्या चालीनं.
सात आला.
उतरती रेघ थरथरली, वाटेत अडखळली,
कशीबशी तळाला पोचली.
मग तिच्या पोटावर छोटी आडवी रेघ.
इथली पद्धतच तशी,
नाहीतर सातचा एक होतो
आणि कुणाचं तरी बिल चुकतं.
ती रेघ ओढताना त्यानं श्वास रोखला,
आटे पाडताना इर्मा रोखते तसा.

सरळ आली?
बऱ्यापैकी.
"खरखरतं का?" इर्मानं विचारलं.
"जरासं."
ती निब घेऊन खिडकीशी बसली, भिंग डोळ्याला लावून.
मी बादलीतलं पाणी बदललं.
सेकोंदो स्टुलावर तसाच,
तीन बोटं हवेत,
पेनाएवढी जागा धरून.