हाक कुणी दिली

कॅनडा कॉर्नर, तिसरा मजला, दुपारी साडेतीन.
काचपट्टीवर नाव: रंगनाथ तांबट, वय चौपन्न.
मूत्रपिंडाचा तुकडा, उदबत्तीच्या काडीएवढा.
सोबत चिठ्ठी, घाईच्या अक्षरात:
क्रिएटिनिन पाच पूर्णांक दोन.
कोपरदुखीच्या गोळ्या, रोज तीन, अकरा वर्षं.

माणूस माझ्या ओळखीचा नाही.
आईचा बंब मात्र त्यांच्याच आळीतला,
मठारलेला,
एकेक ठोका मोजता यावा असा.

भिंगाखाली नलिका.
गुलाबी पेशी गोलात बसलेल्या,
आतल्या अंगाला बारीक झालर.
मीठ निवडायचं, पाणी निवडायचं,
कामाचं रक्तात परत, बाकीचं सोडून द्यायचं.
शिकत होते तेव्हा मी यांना पाणक्या समजायचे,
मुकाट राबणाऱ्या;
पहारा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा.

चूक होती.
यांना कान आहेत, तोंडही आहे.
शेजारीण फुटून तिचा ऐवज बाहेर सांडला
की यांच्या दाराच्या कड्या वाजतात
आणि या हाका घालतात,
रेणूंच्या हाका,
रक्तवाहिनीच्या भिंतीपलीकडे पोचणाऱ्या.

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की सराफ बाजारात शटरं उघडतात.
माणसं धावत येतात, काउंटर उचलतात,
कुणाचीही पोरं, कुणाचंही दुकान.
दुसऱ्या दिवशी पाहावं तर
पाण्यानं फुटलेल्या काचा थोड्या,
मदतीनं फुटलेल्या जास्त.

इथंही तेच.
नलिकांच्या मधल्या जागेत निळी गर्दी.
काही तर भिंतीत घुसलेल्या,
जिनं बोलावलं तिच्याच मांडीवर पाय देऊन.
झालर गेलीय. कुठे नुसतं जोतं उरलंय.
उरलेल्या अजून हाका घालतायत,
थांबायचं कसं ते त्यांना ठाऊक नाही.
एका कोपऱ्यात तंतू विणले जातायत,
व्रण धरतोय.

मी टाइप करते:
तीव्र दाह, नलिका व भोवतालची ऊती,
औषधजन्य असण्याची शक्यता.
हाक हा शब्द अहवालात बसत नाही.

गोळ्या बंद झाल्या. स्टेरॉइड सुरू झालं,
म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात.

सात आठवड्यांनी तो स्वतः आला, जुना अहवाल न्यायला,
उजवं कोपर डाव्या हातात धरून.
दोन पूर्णांक एक, म्हणाला,
पोराचे मार्क सांगावेत तसं.
मग विचारलं,
म्हणजे मॅडम, माझ्याच किडनीनं
माझ्यावर माणसं घातली?

नाही, मी म्हटलं. तिनं मदत मागितली.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
आमच्यात, म्हणाला, शेवटचे ठोके हलके घालायचे असतात.
भांडं झालं, हे हाताला कळावं लागतं.
नाही कळलं तर पत्रा चिरतो.

मला ते कळायला नऊ वर्षं लागली.