तांब्याचं वॉशर

ग्विलिम, आज इंजिन लख्ख पुसलं,
रॉकेलनं, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी.
मग वर नेस्टाची पावडर भुरभुरली.
कपाटात अर्धा डबा होता अजून, व्हायलेटच्या वासाचा.

ब्लायनाउच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गेलो,
पाटीच्या दगडांच्या ढिगाऱ्यांपर्यंत,
आणि परत.

पांढऱ्यावर एकच काळी रेघ.
खालच्या कव्हरपासून नव्हे, जिथं तू गॅस्केट बसवलंस
आणि मी ते तीनदा उचकटलं,
अकरा वर्षं तुझ्या नावानं खडे फोडले.
रेघ वरून येत होती.
रॉकरला तेल नेणाऱ्या नळीपाशी
माझ्याच हातचं वॉशर, बटणाएवढं.
वारा तेल मागं ढकलायचा.

तांबं उलट्या काळजाचं, तूच म्हणायचास:
लाल करून पाण्यात टाकलं
की लोखंड कडक होतं, हे मऊ पडतं.
शेगडीवर धरलं. चर्र झालं.
बसवलं, बेतानंच आवळलं.

रात्री दोनदा उठून पाहिलं,
खालचा ट्रे कोरडा.
काढला मात्र नाही.

तुझा नंबर गॅरेजच्या वहीत आहे,
त्यावर माझा तेलकट अंगठा.
शेवटचा आकडा तीन,
की आठ?