उसनी हवा

ब्लॉक आला तेव्हा त्याच्या पोटात मीठ होतं.
कुणाच्या तरी बोटीतून निघालेला, मुंबईच्या भंगारातून
कांद्याच्या परतीच्या ट्रकनं उद्यमनगरात उतरलेला.
आठ सिलिंडर, साडेचारशे क्यूबिक इंच.
चौघांनी उचलला, पाचव्यानं शिव्या दिल्या.
वॉटर जॅकेट खरवडताना मी बोट जिभेला लावलं.
समुद्र.
दुपारी साडेतीनला, वडलांच्या बोअरिंग मशीनशेजारी.

दस्तगीरमामा म्हणाले, आधी धू. मग बोलू.

मामा शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा, बाप कात्र्यांना,
मामांनी शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
कास्टिंगच्या कडा घासल्या, तोंडाला ओला रुमाल बांधून.
वाळू आत गेली ती गेलीच.
आता जिन्यात सहाव्या पायरीवर थांबतात
आणि खिसे चाचपतात,
जसं काही खाली विसरलंय.

तौफिक म्हणाला, टर्बो बसवू.
"नगं. उसन्या हवेवर पळतंय, न्हाई कोण म्हणतंय?
पर उसनं फेडाय लागतंय लेका,
गॅस्केटनं न्हाईतर पिस्टननं.
ह्याला सोताला जेवढी ओढता येईल, तेवढ्यावर पळू दे."

मी बोअर केला, साठ थाऊ ओव्हर,
हेडच्या जागी जाड प्लेट कसून;
सैल असताना गोल दिसणारं भोक
बोल्ट आवळल्यावर गोल राहत नाही.
पिस्टन आणि भिंत यांच्यात साडेपाच थाऊ.
माझा एक केस तीन थाऊचा. मोजलाय.

हेड मामांनी घरी नेले.
पोर्टमध्ये बोट घालून डोळे मिटायचे.
हवेला कोपरा सोसत नाही, म्हणायचे.
घासायचे, खोकायचे, थांबायचे, घासायचे.
व्हॅक्यूम क्लीनरच्या तीन मोटरी, प्लायवूडचा खोका,
पाण्यानं भरलेली वाकडी नळी: हा आमचा फ्लो बेंच.
नळीतलं पाणी दोन सूत चढलं
त्या दिवशी त्यांनी खोक्यावर खडूनं तारीख घातली
आणि मामीला चहात साखर जास्त टाकायला सांगितली.

पिस्टनच्या डोक्यावर कणकेचा गोळा ठेवून
क्रँक हातानं दोन फेरे फिरवला.
हेड उचललं, कणीक ब्लेडनं कापली:
व्हॉल्व्हचा ठसा, खाली शंभर थाऊ शिल्लक.
मामी वाकून बघत होत्या.
"एवढ्या पातळ पोळीसाठी एवढा खटाटोप?"

एक आठ चार तीन
सहा पाच सात दोन
ठिणग्यांचा हा क्रम मामांनी माझ्याकडून पाठ करून घेतला,
प्लगच्या वायरी जोडताना, दोनदा, उलटासुद्धा.

फेब्रुवारीत त्यांच्या नाकात नळी आली.
कॉटखाली मशीन, रात्रंदिवस घरघर.
आम्ही दारातच थांबलो.
"या की. मला टर्बो बसवलाय."
तौफिक मोरीत गेला, बराच वेळ नळ सोडून ठेवला.

कागल एमआयडीसीमागचा रस्ता, रविवार, उजाडायच्या आत.
कंटेसाच्या बॉनेटला भोक, त्यातून दोन कार्बोरेटर वर.
मामा ओम्नीच्या मागच्या दारात पाय सोडून,
मांडीशी ऑक्सिजनचा सिलिंडर,
म्हणून पेट्रोलपासून शंभर पावलं लांब बसवलेले.
त्यावरून मघाशी भांडण झालेलं.

सुरू केलं तेव्हा शेजारच्या शेडचा पत्रा वाजला.
तौफिकनं क्लच सोडला.
चारशे दोन मीटर, आणि मागं फक्त रबराचा वास,
उसाच्या फडातून उठलेले बगळे.
दहा पॉइंट चौऱ्याण्णव! मी धावत ओम्नीपाशी गेले.

नळी त्यांच्या हातात होती, काढून धरलेली.
तिचा आवाज मधी येत होता म्हणाले.
ओठ जांभळट. वेळ विचारलीच नाही.
"सातवा," एवढंच. मग दम. मग,
"सातवा अजून उपाशी हाय."

इंजिन निवल्यावर सातवा प्लग काढला.
पांढरा.