तळहातावर पडलेलं चित्र

मिरजेत, चर्चमागच्या हॉलमध्ये,
शनिवारी तरुण संघाला पिक्चर दाखवला.
पडदा म्हणून हॉस्पिटलची चादर,
कोपऱ्यातला धोब्याचा निळा नंबर
शेवटपर्यंत नायिकेच्या खांद्यावर.

नायिका सोळाची.
बंद पडलेली गाडी, डाकबंगला, शेकोटी,
आणि पाळकसाहेब चपळाईनं उठले,
प्रोजेक्टरसमोर हात धरला.
चुंबन त्यांच्या तळहातावर पडलं.
पोरं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग ती बेसिनवर ओकली. एकदाच.
(पिक्चरमध्ये एकदाच ओकतात, आणि सगळ्या घराला कळतं.)
बापानं थोबाडीत दिली,
कॅमेऱ्यानं ती तीन बाजूंनी दाखवली,
आवाज असा, की आमच्या खिडकीतलं कबूतर उडालं.
तेव्हा कुणी हात आडवा धरला नाही.

इंटरव्हलला चिवडा आणि चहा.
तेवढ्यात तिचे सात महिने गेले,
उरलेले दोन एका गाण्यात.
बाळ जन्मलं ते न्हाऊन, पावडर लावून,
मान धरून इकडंतिकडं बघत.

चौतीस वर्षं मी लेबर रूममध्ये काढली.
सोळाची कशी येते, मला विचारा.
ओढणी दुहेरी, कुडत्याला सेफ्टी पिन,
हिमोग्लोबिन सात.
'पोटात दुखतंय, काहीतरी खाण्यात आलं.'
केसपेपरवर नवऱ्याच्या नावाची रेघ येते,
पेन तिथं थांबतं,
थांबलेल्या पेनाखाली शाई पसरत जाते.
कळा आल्या तरी ती ओरडत नाही.
ओरडणं मंगळसूत्र असलेल्यांनी, असं तिला
कुणी न सांगताच समजलेलं असतं.

शेवटी पाळकसाहेब बोलले. तरुण आहेत, मनानं चांगले.
म्हणाले, जग पापाला चाल लावतं.
खरं आहे, साहेब.
आपण कुलूप लावलं होतं.

तबीथा आवळे. जतकडची. बोर्डिंगात राहायची,
क्वायरमध्ये आल्टो.
त्या वर्षी नाताळच्या नाटकात मरिया तीच होती.
नोव्हेंबरात कळलं.
बैठक झाली, प्रार्थनेनं सुरू, प्रार्थनेनं बंद,
आणि काम दुसऱ्या मुलीला गेलं
जिच्या पोटाला उशी बांधावी लागली.
तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.
मला वाटलं, घरी, भाकरी थापताना.
तवा तापला होता, मी थापत राहिले.

नासरेथच्या गल्लीतही बायांनी
बोटांवर महिने मोजलेच असतील.
मोजून व्हायची देवानं वाट पाहिली नाही.
आणि तो सुतार,
गाढवाची दोरी धरून मुकाट चालणारा,
तसला एक माणूस
अडीच तासांच्या पिक्चरमध्ये कुठं दिसला नाही.
मंडळीतही मी फार पाहिले नाहीत.

माझं नाव अलीशिबा.
डोंगराळ गावातल्या त्या म्हातारीवरून ठेवलेलं,
जिच्या दारी ती पोर घाईघाईनं गेली होती
आणि जिनं तिला आधी कवेत घेतलं.
तबीथा एका रात्री माझ्या क्वार्टरवर आली.
दाराची साखळी न काढता मी म्हणाले,
'सकाळी ओपीडीत ये.'
मिरज जंक्शनवरून सकाळच्या आत
कितीतरी गाड्या सुटतात.

आज खुर्च्या रचून झाल्या तरी
मागच्या रांगेतली एक मुलगी रेंगाळली.
'सिस्टर, त्या मुलीचं पुढं काय झालं? बाळानंतर?'
दाखवलं नाही गं, म्हटलं.
चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन माझ्या.
झटकली. एक घडी, दुसरी घडी,
तशा दोघी जवळ येत गेलो,
बोटांना बोटं लागेपर्यंत.
तिची गार होती.

घरापर्यंत मी काही विचारलं नाही.
दार उघडून मग,
चहात साखर किती, एवढंच.