अठरा बाय चौदा

वादळानं छत नेलं ते ऑक्टोबरात.
म्हणजे छत नव्हे, जाळी.
पूलवरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा जागच्या जागी,
मासा खाऊन काटा ताटात ठेवावा तसा.
विम्याचा माणूस आला, फोटो काढले,
‘झीज आधीचीच’ म्हणाला आणि गेला.

आज यूनिएर आलाय नमुने घेऊन,
किल्ल्यांसारखे कडीत ओवलेले जाळीचे चौकोन.
कॉफी नको म्हणतो, मग पितो.

ही साधी. अठरा बाय चौदा.
एका इंचात इकडून अठरा भोकं, तिकडून चौदा.
डास अडतो, वारा येतो.
ही वीस बाय वीस. हिच्यातून चिलटंही शिरत नाहीत,
तळ्याकडून संध्याकाळी येणारी,
ज्यांचं इथलं नावच ‘दिसत नाहीत’.
पण वारा, साहेब, मैद्यासारखा चाळून येईल.
आणि ही जाड. नखांना दाद देत नाही.
कुत्रा आहे?
नाही, म्हणतो मी.
शेजाऱ्यांचा आहे, म्हणते ओडेसा, तो आपलाच समजतो हे घर.

रंगाचं मला वाटलं होतं, पांढरा. उजेड राहील.
यूनिएर हसतो. पांढरी डोळ्यांत येते.
काळी घ्या. काळी दिसत नाही.
दोन्ही तुकडे काचेशी धरतो,
आणि खरंच की,
पांढऱ्यामागे नुसतं धुकं,
काळ्यामागे पेटिग्रूंचं घर, त्यांचा जिना,
जिन्यावर विसरलेली निळी बादली.
एकाहत्तर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओडेसा काही बोलत नाही.
बाही वर सारते, हात टेबलावर ठेवते,
नमुन्यांच्या शेजारी, आणखी एक नमुना असल्यासारखा.
औषधं सुरू झाल्यापासून
प्रत्येक चाव्याचं नाणं होतं तिच्या अंगावर,
आठवडाभर खर्चत नाही.

आणि मी, खरं सांगायचं तर,
सात महिने रात्रीचा उताणा तरंगतोय या पाण्यात.
त्याआधी एकोणीस वर्षं
मी आभाळ आलेखाच्या कागदावर पाहिलं.
मार्चमध्ये केपवरून रॉकेट सुटलं
तेव्हा त्याची रेघ पहिल्यांदा
दुसऱ्या कुठल्याच रेघेला न छेदता गेली.
एक बगळाही आला होता, दोनदा.
पायरीवर उभा राहून क्लोरीनमध्ये मासा शोधला त्यानं,
भलताच चिवट. तिसऱ्यांदा फिरकला नाही.

हे यूनिएरला काय सांगायचं?
त्याला अजून दोन घरं करायचीत
आणि त्याचा हिशेब चौकटीवर चालतो.

तळ्याकडची भिंत वीस बाय वीस, म्हणतो मी.
बाकी साधी. सगळी काळी.
आणि छत?

पेन्सिल कागदावर थांबलेली.
ओडेसा खिडकीतून बघतेय,
जिथून रात्री तिला माझी पोटाची टेकडी दिसत असणार.
छत शेवटी करा, म्हणते ती.
पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल.

भिंती असून छत नाही, बाई,
म्हणजे डासांना नुसता वळसा.
घेऊ दे वळसा, म्हणते.

दुपारभर त्याचं रुळाचं चाक
रबराची दोरी खाचेत दाबत फिरत राहिलं.
जाळी इतकी ताणलेली, बोट मारलं तर हलगी.
एक सरडा आत अडकला, की बाहेर राहिला नाही,
कसं म्हणायचं ते ठरेना.

रात्री मी पाण्यात होतो.
दार सरकलं.
ओडेसा, माझा पूर्ण बाह्यांचा शर्ट,
गळ्यापर्यंत बटणं,
एकेक पायरी, कुरकुरत, गार आहे म्हणत.
शर्ट फुगून वर आला, तिनं तो दाबला,
पुन्हा आला.

कुठे बघायचं? तिनं विचारलं.
कुठेही, म्हटलं.
तिनं मनगटावर चापट मारली, जरा उशिरा.
उद्या सूज येईल.
अजून चार रात्री आहेत.